जन्नतच्या वाटेवर बहिणीचे सात गुंठे

जन्नतचा विषय निघाला की हल्ली बोलणं बहात्तर हुरांवर येऊन थांबतं. मोबाईलवर तेच, टीव्हीच्या चर्चेत तेच, 2023 मध्ये तर त्याच नावाचा सिनेमाही येऊन गेला. कुरआनात हुरांचा उल्लेख आहे, त्यांचा आकडा कुठेही नाही. बहात्तर हा आकडा तिरमिजींच्या हदीससंग्रहातल्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहातल्या, एका कथनातला आहे, आणि ज्यांना मरायला-मारायला तरुण पोरं हवी होती त्यांनी तो उचलून त्याचं आमिष केलं. त्यावर हसणाऱ्यांशी वाद घालण्यात मला रस नाही. माझा राग माझ्याच माणसांवर आहे. आम्ही मुसलमानांनी जन्नतची वाट फार सोपी करून टाकली आहे. नमाज पढली, रोजे धरले, जमलं तर उमरा केला, की झालं. त्या वाटेवर माणसांची देणी आडवी पडली आहेत आणि आपल्या भागात त्यातलं सगळ्यात मोठं देणं सख्ख्या बहिणीचं आहे, हे कुणी बोलत नाही.

मी दस्तलेखक आहे. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधक कार्यालयासमोर माझं टेबल असतं. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र लिहिण्यात आयुष्य गेलं. मी आलीम नाही, मदरशात शिकलेलो नाही. पण कुरआन तर्जुम्यासह वाचत आलो आहे, हदीसची पुस्तकं घरात आहेत, आणि पुढे जे लिहितो आहे ते कुठल्याही चांगल्या मौलानांसमोर ठेवावं, ते नाकारणार नाहीत याची मला खात्री आहे.

मरणानंतरचा प्रवास आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतो. माती देऊन लोक परतले की कबरीत मुन्कर आणि नकीर हे दोन फरिश्ते येतात आणि विचारतात: तुझा रब कोण, तुझा दीन कोणता, तुझा पैगंबर कोण. मग कयामतपर्यंतचा मधला काळ, त्याला बरझख म्हणतात. मग सूर फुंकला जातो, आदमपासूनची सगळी माणसं हश्रच्या मैदानात उभी राहतात, ज्याच्या त्याच्या हातात त्याचा आमालनामा, म्हणजे त्याच्या कर्मांचा लेखा, येतो. उजव्या हातात मिळाला तो सुटला. तराजू लागतो, आणि शेवटी दोजखवरून गेलेला पुलसिरात. माझी दादी चुलीपुढं भाकरी थापता थापता हा पूल सांगायची. केसाहून बारीक, तलवारीहून धारदार. एवढं सांगून तिचा हात परातीत थांबायचा आणि ती म्हणायची, "कुणाची काडी उचलली असंल तर त्या पुलावर तीच काडी आडवी येती रे बाबा." हे वाक्य कुठल्या किताबात नाही. पण किताबात जे आहे ते तिला बरोबर कळलं होतं.

पाच वेळच्या फर्ज नमाजांच्या मिळून सतरा रकाती होतात आणि प्रत्येक रकातीत सूरे फातिहा पढली जाते. म्हणजे साधा नमाजी माणूसही दिवसातून किमान 17 वेळा अल्लाहला निवाड्याच्या दिवसाचा मालक म्हणतो. ज्या दिवसाचं नाव रोज इतक्या वेळा घ्यायचं, त्या दिवशी नेमका कशाचा निवाडा होणार आहे?

जन्नतचं वर्णन कुरआनात भरपूर आहे, आणि ते वाळवंटातल्या माणसाच्या काळजाला भिडेल असं आहे. सावली आणि वाहतं पाणी तर जागोजाग येतं. सूरे मुहम्मदमध्ये पाण्याच्या, दुधाच्या, मधाच्या आणि शराबच्याही नद्या आहेत. ही शराब डोकं फिरवणारी नाही, असं दुसरीकडे सांगितलं आहे. सूरे वाकिआत काटे नसलेल्या बोरी आहेत आणि एकावर एक फण्या धरलेल्या केळी. सूरे रहमानच्या 78 आयतींत रबची कोणकोणती देणगी नाकाराल हा सवाल 31 वेळा येतो. मुघलांनी या बागा जमिनीवर उतरवायचा प्रयत्न केला. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात सहलीला गेलेल्या प्रत्येकाने चार भागांत वाटलेली ती बाग आणि मधले पाण्याचे पाट पाहिले असतील. त्या आखणीमागे जन्नतच्या बागेचीच कल्पना होती.

पण मला या सगळ्याहून एक आयत जास्त अडवते. सूरे हिज्रमध्ये म्हटलं आहे की जन्नतमध्ये गेलेल्यांच्या छातीतली अढी काढून घेतली जाईल आणि ते भावाभावांसारखे समोरासमोर बसतील. एखाद्या खटल्यात समोरासमोर उभे राहिलेले सख्खे भाऊ ज्याने पाहिले आहेत त्याला या आयतीची किंमत कळेल. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा देता येणं, हेही जन्नतच्या सुखात मोजलेलं आहे. आणि सूरे तौबा तर बागा, नद्या, महाल सगळं सांगून झाल्यावर म्हणते की अल्लाहची खुशी ही त्या सगळ्याहून मोठी.

ही अढी निघते कुठं, याचं उत्तर बुखारींच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये आहे. अबू सईद खुदरी सांगतात, दोजखवरून सुटून आलेल्या ईमानवाल्यांना थेट जन्नतमध्ये सोडलं जाणार नाही. जन्नत आणि दोजख यांच्या मध्ये एका पुलावर त्यांना थांबवलं जाईल. तिथे त्यांनी दुनियेत एकमेकांवर केलेल्या अन्यायांचा हिशोब एकमेकांशी मिटवला जाईल. स्वच्छ झाले की मग आत. नमाजी, रोजेदार, पूल पार करून आलेली ही माणसं, तरी थांबायचं आहे, कारण कुणाचं तरी काही तरी त्यांच्याकडे राहिलं आहे. जन्नतच्या उंबऱ्याअलीकडचा हा शेवटचा मुक्काम मी बयानांमध्ये फारसा ऐकलेला नाही. कबरीतले साप-विंचू मात्र दर जुम्याला ऐकतो.

इस्लाममध्ये देणं दोन प्रकारचं. एक अल्लाहचं, एक बंद्यांचं. अल्लाह आपलं देणं माफ करायला फार मोकळा आहे. तहानेनं जीभ बाहेर आलेल्या कुत्र्याला विहिरीतून मोज्याने पाणी काढून पाजणारी वेश्या एवढ्या एका कामावर माफ झाली, ही हदीस बुखारींमध्येच आहे. पण तुझ्याकडे असलेलं माझं घेणं तो परस्पर माफ करत नाही. ते मी माफ करायचं. म्हणून तर हजला निघालेला माणूस घरोघर जाऊन कहासुना माफ करा म्हणतो, शबेबरातला लोक एकमेकांना तेच सांगतात. आता तर तो एक ठरीव मेसेज झाला आहे, एका बोटानं सगळ्यांना पाठवायचा. ज्याची जमीन दाबली त्यालाही तोच, ज्याला कधी पाहिलं नाही त्यालाही तोच.

पैगंबरसाहेबांनी सोबत्यांना एकदा विचारलं, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसा नाही तो. पैगंबर म्हणाले, माझ्या उम्मतमधला दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. मग त्याच्या नेक्या या सगळ्यांना वाटल्या जातील. त्या संपल्या आणि देणं शिल्लक राहिलं तर त्यांचे गुन्हे त्याच्यावर टाकले जातील आणि तो दोजखमध्ये जाईल. ही मुस्लिम शरीफमधली हदीस. त्याच संग्रहात आहे की शहीदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून. जन्नतच्या नावानं पोरांना भडकवणाऱ्यांनी बहात्तरचा आकडा सांगितला, ही हदीस कधी सांगितली नाही. आणि मजूर? बुखारींमध्ये अल्लाहचं म्हणणं आहे की कयामतच्या दिवशी तीन जणांच्या विरुद्ध मी स्वतः उभा राहीन, त्यातला एक मजुराकडून पुरं काम करून घेऊन मजुरी न देणारा. साखर कारखान्याच्या या मुलखात, जिथं ऊसतोड करणाऱ्यांच्या उचलीचे आणि हिशोबाचे वाद दर हंगामात होतात, ही हदीस रस्त्यावर लिहून लावावी अशी आहे.

आता जनाजाच्या मैदानात या.

आमच्याकडे मय्यत मैदानात आणली, सफा लागल्या, की जनाजाच्या नमाजआधी थोरला मुलगा पुढे येतो. डोक्याला रुमाल, डोळे सुजलेले, आवाज फुटत नाही. तो म्हणतो, माझ्या वालिदसाहेबांकडे कुणाचं काही घेणं असेल तर मला सांगा, मी देईन, आणि त्यांच्याकडून कमीजास्त बोललं गेलं असेल तर अल्लाहच्या वास्ते माफ करा. मागच्या सफांतून आवाज येतो, माफ केलं. ज्यांची ओळख नाही अशी माणसंही त्या क्षणाला पाणावतात. ही रीत कुठून आली ते मोठ्या लोकांनी सांगावं, पण तिच्या मुळाशी असलेली गोष्ट बुखारींमध्ये आहे. एकाचा जनाजा आणला गेला. पैगंबरांनी विचारलं, याच्यावर कर्ज आहे? तीन दीनार. मागे काही ठेवलंय? काही नाही. तेव्हा त्यांनी स्वतः नमाज पढवली नाही, सोबत्यांना म्हणाले, तुम्ही पढा. अबू कतादा पुढे आले, हे कर्ज माझ्यावर, म्हणाले; मग पैगंबर उभे राहिले. तीन दीनार! आमच्या पेशइमामांनी हा नियम लावला तर किती जनाजे अडतील?

कर्जदार माणसाचा जीव त्याचं कर्ज फिटेपर्यंत लटकलेला राहतो, अशी एक हदीस आहे. माझ्या धंद्यात हे पटकन समजतं: सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढलेला असला की तो उतरेपर्यंत जमीन मोकळी होत नाही.

आणि त्याच वेळी घरात काय चालतं? मैदानात मुलगा देणी विचारत असतो, घरात मयताच्या बायकोला चार बायका धरून आणतात, तोंडावरचं कफन बाजूला करतात आणि म्हणतात, मेहर माफ केला म्हण. ती आयुष्यभर न मिळालेला मेहर रडत रडत माफ करते. तिनं नाही कसं म्हणावं? नवऱ्याचं तोंड शेवटचं बघायचं आहे, भोवती वीस बायका आहेत. मेहर म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम, ते नवऱ्यावरचं कर्ज आहे. वाटणी व्हायच्या आधी, दफनाच्या खर्चानंतर लगेच, इस्टेटीतून ते फेडायचं असतं. ते मय्यतीसमोर असं घेऊन टाकणं याला माफी म्हणायची माझी तयारी नाही.

बहीणही तेव्हा घरातच असते, बायकांच्यात. मैदानातली ती हाक तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि मुस्लिम कायद्याप्रमाणे बाप गेला त्याच क्षणाला ती हिश्श्याची मालकीण झालेली असते. फेरफार नंतर होतो, मालकी आधीच आलेली असते. जिचं सगळ्यात मोठं घेणं त्या घरावर उभं राहिलं आहे, तीच त्या मैदानात नसते.

वाटणीचे नियम सूरे निसामध्ये आहेत, आणि ते कुठल्या प्रसंगात आले हेही नोंदलेलं आहे. इ.स. 625 मध्ये उहुदच्या लढाईत साद बिन रबी हे शहीद झाले. त्यांची विधवा दोन पोरींना घेऊन पैगंबरांकडे आली. यांच्या चुलत्यानं सगळा माल घेतला, म्हणाली, आता यांची लग्नं कशी करू? तेव्हा या आयती उतरल्या. पैगंबरांनी चुलत्याला बोलावून सांगितलं, दोन्ही पोरींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा, उरलं ते तुझं. म्हणजे ज्या आयती आपण मौलूदमध्ये डोलत ऐकतो त्या मुळात पुरुषांनी बळकावलेली इस्टेट सोडवण्यासाठी आल्या होत्या.

त्याच्या लगेच पुढच्या दोन आयती वाचा, तेरावी आणि चौदावी. हिस्से मोजून झाल्यावर कुरआन सांगतं की या अल्लाहनं आखलेल्या हद्दी आहेत, जो त्या पाळेल त्याला खाली नद्या वाहणाऱ्या बागा, जो ओलांडेल त्याला आग. माझ्या वाचनात जन्नत आणि जमिनीची वाटणी इतक्या जवळ दुसरीकडे कुठे आलेली नाही. मध्ये एका आयतीचंही अंतर नाही.

सूरे फज्रचंही तसंच. ताजमहालाच्या भव्य दरवाजावर जी अक्षरं कोरली आहेत त्यात ही सूरत आहे. तिचा शेवट सगळ्यांना ठाऊक: शांत झालेल्या जिवाला रब म्हणतो, ये, माझ्या जन्नतमध्ये दाखल हो. मृत्यूच्या बातमीखाली लोक हाच शेवट लिहितात. पण 30 आयतींच्या या सूरतमध्ये, त्या शेवटाच्या थोडं आधी, एक तक्रार आहे: तुम्ही यतीमाची कदर करत नाही, गरिबाला जेवू घालायला एकमेकांना सांगत नाही, आणि वारशाचा माल सगळा गोळा करून गिळता. जन्नतमध्ये या असं बोलावणारी सूरत आधी वारशाचा हिशोब विचारते.

हिशोब अवघड नाही. समजा बाप गेला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. आजीआजोबा हयात नाहीत. देणी, मेहर फेडून एक एकर जमीन राहिली, म्हणजे 40 गुंठे. बायकोचा आठवा हिस्सा, 5 गुंठे. राहिले 35. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे पाच वाटे: दोन्ही मुलांना 14-14, मुलीला 7. बेरीज बरोबर 40. तालुक्याच्या गावाजवळ रस्त्याला लागून असतील तर हे सात गुंठे एका बाईचं म्हातारपण सुखाचं करतात. आणि वीतभर जमीन ज्यानं अन्यायानं घेतली त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा फास घातला जाईल, असं पैगंबर म्हणाले आहेत. एक वीत. सात गुंठ्यांत किती विती होतात ते ज्यानं त्यानं मोजावं.

माझ्या टेबलावर हे कसं घडतं ते सांगतो. एका बाईची गोष्ट, नाव-गाव नको. चाळीसवा झाला आणि पुढच्याच आठवड्यात दोघे भाऊ तिला गाडीतून घेऊन आले. मैदानात ज्यानं देणी विचारली होती तोच थोरला गाडी चालवत होता. त्या सफेत मीही होतो. बहिणीच्या अंगावर नवी साडी होती, घडीची रेघ अजून मोडली नव्हती. भाऊ म्हणाला, "चाचा, हक्कसोड करायचंय, आपा खुशीनं देतीय." माझी पद्धत आहे, दस्त बाईला पूर्ण वाचून दाखवायचा. मी वाचत गेलो. राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला. ती मान हलवत राहिली. गट नंबर आणि चतुःसीमा वाचल्या तेव्हा तिनं पदर सावरला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं, "ह्याच्यात विहिरीकडचा तुकडा पण आला का, चाचा?" मी म्हणालो, "आला बेटा, सगळंच आलं. तुझे सव्वाअकरा गुंठे होतात." तिला आकडा माहीत नव्हता. भावाकडे बघून ती म्हणाली, "अब्बा म्हणायचे, विहिरीकडचं तुझं." धाकटा फोन घेऊन बाहेर गेला. थोरला म्हणाला, "आपा, आता इथं काय विषय काढायचा." पाचेक मिनिटं कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "लिव्हा चाचा. माह्यार तुटायला नको." आत कार्यालयात कॅमेऱ्यासमोर तिचा फोटो निघाला, मशिनवर अंगठा लागला. फोटोत ती सरळ समोर बघते आहे. कायद्यानं त्या दस्तात एकही खोट नाही.

त्या दस्ताला दुनियेत दोन ओळखदारांच्या सह्या लागल्या. सूरे यासीन सांगते की त्या दिवशी तोंडावर मोहर लागेल आणि हात बोलतील, पाय साक्ष देतील. तो अंगठा काय सांगेल?

भावांची उत्तरं मला पाठ आहेत. लग्नात दिलं की. लग्नात दिलेलं वारशात धरायचा नियम शरियतमध्ये नाही, आणि वारसा बाप मेल्यावर निघतो, पोरीच्या लग्नात नाही. दुसरं उत्तर, ती खुशीनं सोडते. खुशी अशी तपासा: आधी सातबाऱ्यावर तिचं नाव लावा, तिच्या हिश्श्याचं ऊसबिल तिच्या खात्यावर जाऊ द्या, दोन हंगाम जाऊ द्या, आणि मग ती आपण होऊन म्हणाली की दादा, तुला देते, तर ती खुशी. मला अशा बहिणीही माहीत आहेत. आणि गुंठ्यांचा आकडा ऐकल्यावर टेबलावरून उठून गेलेल्याही माहीत आहेत. तिसरी तऱ्हा बापांची: हयातीतच सगळं मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून टाकायचं. नुमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला असं दिलं आणि पैगंबरांना साक्षीदार करायला गेले. पैगंबरांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर ते अन्यायाचे साक्षीदार व्हायला तयार झाले नाहीत.

कुणी म्हणेल, मुळात मुलीला अर्धा हिस्सा का? हा सवाल खरा आहे आणि तो विचारणाऱ्या मुस्लिम बायकांना गप्प बसवणं मला मान्य नाही. केरळमध्ये 8 मार्च 2023 रोजी वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी विशेष विवाह कायद्याखाली आपलं लग्न पुन्हा नोंदवलं, आपली इस्टेट तिन्ही मुलींनाच मिळावी म्हणून. बापाला जिवंतपणी मुलगा-मुलीला सारखं द्यायला शरियतही अडवत नाही. आपण आताच नुमानची गोष्ट वाचली. माझं म्हणणं त्याच्याही अलीकडचं आहे. जो अर्धा हिस्सा कुरआनात आकड्यानं लिहिला आहे, तोही न देता शरियतच्या रक्षणासाठी रस्त्यावर उतरायचा हक्क आपल्याला कुठून आला? 1937 च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली होती. मद्रास प्रांतानं 1949 मध्ये दुरुस्ती करून ती आत घेतली. शेतजमीन कायद्यात आणा, ही मागणी आपल्याकडच्या किती मोर्चांत कुणी ऐकली?

हिंदू बहिणींना 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि माझ्या टेबलावर त्यांचीही हक्कसोडपत्रं तशीच येतात, तशीच नवी साडी नेसून. पण त्यांच्या घरात काय शिकवावं हे सांगायचा माझा अधिकार नाही. मला माझ्या मैदानाबद्दल बोलायचं आहे.

पेशइमाम आणि जमातच्या पंचांना माझी विनंती आहे. जनाजाच्या मैदानात मुलगा देणी विचारतो तेव्हा त्याच्याकडून एक वाक्य आणखी म्हणवून घ्या: अम्मीचा मेहर आणि बहिणींचा हिस्सा मी देईन, तुम्ही सगळे साक्षी राहा. तिसऱ्या दिवशी जियारतला फुलं आणि फातिहा झाल्यावर, सगळे नातेवाईक जमलेले असतातच, तेव्हा वारसांची नावं आणि हिस्से वाचून दाखवा. बायका पडद्यामागे बसल्या असतील तर त्यांनाही ऐकू जाईल असं वाचा. विधवेला कफनाशी उभी करून मेहर माफ करून घ्यायची रीत बंद करा. वर्षातला एक जुमा सूरे निसाच्या अकरा ते चौदा या आयतींना द्या आणि बयान मराठीत करा, म्हणजे शाळकरी पोरींनाही कळेल. बापांनो, कागदावर आजच लिहून ठेवा, मेहर किती राहिला, कुणाचं किती देणं आहे.

आणि भावांनो, बाप गेल्यावर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. त्या अर्जात बहिणीचं नाव लिहा, आणि ते कमी करून घ्यायला तिला माझ्या टेबलाकडे आणू नका.